जुन्या ३१५ रायफलची हेडस्पेस तपासणी: संभाजीनगरच्या एका दुकानाचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग कारणं. मराठवाड्यात ज्याच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळातली बोल्ट अ‍ॅक्शन रायफल परवान्यावर आहे आणि ती अधूनमधून का होईना चालवली जाते, त्याने ती एकदा तरी छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातल्या या दुकानात नेऊन हेडस्पेस, म्हणजे नळी मागून बंद करणारा बोल्ट आणि नळी यांच्यात काडतुसाच्या बुडासाठी उरणारी जागा, मोजून घ्यावी. दुकानाचं नाव आणि पत्ता इथे देत नाही. तिथे लोकांची हत्यारं दुरुस्तीला पडलेली असतात, म्हणून मालकांनीच तशी विनंती केली आहे. शहरातल्या कुठल्याही जुन्या परवानाधारकाला विचारा, बंदुकांचे चाचा कुठे बसतात ते तो लगेच सांगेल.

मी बंदुकांचा जाणकार नाही. माझी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूमच्या तपासणी विभागात झाली. गो गेज, नो-गो गेज, मायक्रोमीटर, स्लिप गेज यांच्यातच माझं आयुष्य गेलं. त्यामुळे या दुकानाकडे मी मोजमाप करणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहिलं, आणि ही समीक्षाही त्याच नजरेने लिहितो आहे. बंदुकीच्या दुकानात मोजमाप इतक्या नीट होताना मी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

रायफल आमच्या आजोबांची. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची, ३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल. आमचं गाव अंबड तालुक्यात, म्हणजे तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सरकारी कारभार उर्दूत, त्यामुळे आजोबांचा पहिला परवानाही उर्दूतच. तो कागद अजून ट्रंकेत आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आलं, मग परवाना नव्याने निघाला. पुढे वडिलांच्या नावावर आणि वारसाने माझ्या नावावर झाला. नळीवर बीएसएचा तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचा शिक्का आहे. शेजारी बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा मुकुट आणि त्याखाली ‘एनपी’ अशी अक्षरं, म्हणजे धूरविरहित दारूसाठी नळी तपासून घेतल्याची खूण. हे प्रूफ हाउस १८१३ सालचं आहे आणि त्यांच्या शिक्क्याला जगभर मान आहे.

पण त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की रायफल कारखान्यातून निघाली तेव्हा ती नळी आणि तो बोल्ट एकत्र तपासले गेले होते. आमच्या रायफलीवर बॉडीचा नंबर एक आणि बोल्टच्या दांडीच्या मुळाशी कोरलेला नंबर दुसराच. बोल्ट कधी बदलला, कुणी बदलला, घरात कुणालाच ठाऊक नाही. गेल्या ऐंशी वर्षांत रायफल कितीतरी हातांतून आणि दुरुस्तीच्या टेबलांवरून गेली. निवडणुका आल्या की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, तेही दर वेळी झालंच. एकाच नमुन्याच्या अनेक रायफली एका जागी साफ झाल्या तर बोल्टची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. बोल्ट दुसरा लागला की हेडस्पेसची जुनी खात्री संपली.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. काडतूस नळीत गेल्यावर ते कुठेतरी अडलं पाहिजे, नाहीतर फायरिंग पिनच्या ठोक्याने पुढे सरकेल. ३०३ (ब्रिटिश लष्करी बोअर) आणि ३१५ या दोन्ही काडतुसांना बुडाशी रुंद कड असते. ती कड नळीच्या मागच्या तोंडाला टेकते आणि काडतूस तिथे थांबतं. बोल्ट बंद केल्यावर नळीचं हे तोंड आणि बोल्टचं तोंड यांच्यात जेवढी जागा उरते, ते या रायफलीचं हेडस्पेस. माउझरसारख्या रायफलीत कड नसलेलं काडतूस त्याच्या खांद्यावर, म्हणजे पुंगळी जिथे निमुळती होते तिथे, अडतं, म्हणून तिथे मोजणी खांद्यापासून होते. दोन्हींची गेज पूर्ण वेगळी, एकाची दुसऱ्याला चालत नाहीत.

जागा कमी असेल तर बोल्ट बंदच होत नाही. जास्त असेल तर बार उडाल्यावर पितळी पुंगळीचा पुढचा भाग दाबाने नळीच्या भिंतीला चिकटून बसतो आणि बूड मात्र मागे बोल्टपर्यंत ढकललं जातं. मधलं पितळ ताणतं, पातळ होतं, कधी आडवं फाटतं. फाटलं की तापलेला वायू मागे येतो, आणि मागे चालवणाऱ्याचं तोंड असतं. हे किती बारीक मोजमापाचं काम आहे ते आकड्यांवरून कळेल. ब्रिटिश लष्कराच्या ३०३ ली-एनफिल्डसाठी मर्यादा ०.०६४ इंच ते ०.०७४ इंच होती. म्हणजे १.६२६ मिमी ते १.८८० मिमी. सगळी सूट मिळून १० थाउ, पाव मिलिमीटर. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी.

आता खरं तेही सांगतो, कारण या विषयावर घाबरवून टाकणारं लिहिणारे पुष्कळ आहेत. ली-एनफिल्ड पद्धतीची रायफल (आमची बीएसएही त्याच पद्धतीची) मर्यादेच्या थोडी बाहेर गेली म्हणून कारखान्याच्या नव्या काडतुसाने लगेच फुटत नाही. परदेशातले शौकीन तर म्हणतात की या रायफलीत हेडस्पेसची फार काळजी करू नका. त्यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. ते एकच पुंगळी पुन्हा पुन्हा भरून वापरतात आणि ती अशी घडवतात की काडतूस कडेऐवजी खांद्यावर अडतं. आपल्याकडे सामान्य परवानाधारक काडतूस घरी भरत नाही. आपण दुकानातून ‘८ एमएम केएफ’ शिक्क्याचं, खडकीच्या कारखान्याचं काडतूस आणतो आणि ते जसंच्या तसं वापरतो. आपल्यासाठी कडच सगळं आहे. म्हणून त्यांचा सल्ला उचलून आपल्याला चालणार नाही.

माझ्या मनात शंका आली ती जुन्या पुंगळ्यांवरून. वडिलांनी वापरलेल्या काही रिकाम्या पुंगळ्या डब्यात होत्या. त्यांच्या बुडापासून जरा वर, बोटभर अंतराच्या आतच, एक चकचकीत आडवं कडं दिसत होतं. बाकी पितळ काळवंडलेलं आणि तेवढीच एक पट्टी उजळ. बारीक तारेचं टोक वाकवून आत घातलं आणि भिंतीवरून वर ओढलं, तर त्याच जागी तार अडखळत होती. पितळ आतून खचलंय याची ती खूण.

पहिल्यांदा रायफल मराठवाड्यातल्याच दुसऱ्या एका शहरात एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याच्याबद्दल फार लिहीत नाही. त्याने कपाटातून भरलेलं काडतूस काढलं, त्याच्या बुडावर सेलोटेपचे दोन तुकडे चिकटवले, बोल्ट बंद केला आणि ‘एकदम ओके आहे’ म्हणून मोकळा झाला. टेप मऊ असते, दाबली की चपटी होते. त्या काडतुसाची कड किती जाड आहे हे त्याने मोजलंच नव्हतं. फायरिंग पिन बोल्टमध्ये तशीच होती आणि काडतूस जिवंत होतं. भर बाजारातल्या दुकानात, समोर गिऱ्हाइकं उभी असताना. मी तिथून रायफल उचलून घरी आणली. असल्या कामाला तपासणी म्हणणं मला मान्य नाही, आणि माझ्यासारख्या कुणाला असा प्रसंग आलाच तर त्याने तिथेच थांबवावं असं मी आग्रहाने सांगेन.

चाचांकडची पद्धत पहिल्या क्षणापासून वेगळी. काउंटरवर त्यांचा पुतण्या बसतो. त्याने आधी परवाना बघितला, रायफलीचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी जुळवला, रजिस्टरला नोंद केली. मग विचारलं, “काडतुसं सोबत आणलीत का? असतील तर बाहेर गाडीतच राहू द्या.” चाचांच्या टेबलावर जिवंत काडतूस येऊच द्यायचं नाही हा त्यांचा नियम आहे. रायफल टेबलावर ठेवल्यावर चाचांनी मॅगझिन काढलं, चेंबरमध्ये करंगळी घालून रिकामं असल्याची खात्री केली, आणि मग पुन्हा एकदा केली.

बोल्ट हेड, म्हणजे बोल्टच्या पुढच्या टोकाचा सुटा तुकडा, वर उचलून बोल्ट मागे ओढून काढला आणि दोन्ही नंबर त्यांनी भिंगातून वाचले. “पाटील, हा बोल्ट या घरचा नाही,” एवढंच म्हणाले. एकदा आहे तसं मोजून ठेवलं, पण पुढचा अर्धा तास त्यांनी मोजणीला पुन्हा हात लावला नाही. सगळा वेळ सफाई. बोल्ट हेड आटे फिरवून सुटं केलं, त्यातला एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी ओढून काढणारा आकडा) काढला, लांब खास पान्याने फायरिंग पिन आणि स्प्रिंग बाहेर घेतली. म्हणजे बोल्ट बंद करताना स्प्रिंगचा जोर हाताला लागणार नाही आणि गेज आडवं दाबलं जाणार नाही. चेंबर आणि नळीचं तोंड रॉकेलने धुतलं. मग बांबूची चपटी काडी घेऊन, नळीच्या तोंडावर जिथे काडतुसाची कड टेकते, त्या कडेभोवती फिरवली. काडीच्या टोकाला काळपट, मेणासारखं घट्ट काहीतरी निघालं. ग्रीस आणि दारूची राख वर्षानुवर्षं वाळून बसलेली. स्टीलचा स्क्रॅपर का नाही वापरत विचारलं तर म्हणाले, “पोलाद पोलादाला खातं. बांबू फक्त घाण खातो.”

या सफाईवर मी मुद्दाम थांबतोय, कारण सगळी तपासणी इथेच फसते. नळीच्या तोंडावर घाणीचा थर असेल तर गेज तेवढं मागे बसतं आणि जागा खरी आहे त्यापेक्षा कमी भासते. बोल्टचे लग, म्हणजे बार उडताना बोल्टला अडवून धरणारे उंचवटे, मागे जिथे टेकतात तिथे ग्रीस वाळलेलं असेल तरी तसंच. घाण नेहमी रायफलीच्या बाजूने खोटी साक्ष देते. गो गेज घालून बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गो घालून बंद होता कामा नये. आमच्या रायफलीत सफाईच्या आधी नो-गो गेज अडत होतं. सफाईनंतर तेच गेज घेऊन बोल्ट बंद झाला. मी समोर उभा राहून दोन्ही वेळा पाहिलं. सफाई न करता मोजलं असतं तर ही रायफल पास म्हणून घरी गेली असती.

गेजबद्दल. ३१५ चं काडतूस म्हणजे मुळात ऑस्ट्रियाचं १८९० सालचं ८×५० आर मॅनलिखर. इंग्रजांनी हिंदुस्थानात लष्करी बोअर सामान्य माणसाच्या हाती पडू द्यायचं नाही असं ठरवलं, म्हणून बीएसएने ३०३ ऐवजी या काडतुसाच्या स्पोर्टिंग रायफली इकडे पाठवल्या. पुढे आपल्या ईशापूरच्या कारखान्यानेही ली-एनफिल्डच्याच पद्धतीवर ३१५ बनवली, आणि तीच आज मराठवाड्यात सर्वात जास्त दिसते. ३०३ ची गेज परदेशात सहज विकत मिळतात, ३१५ ची मात्र बाजारात शोधूनही सापडणं कठीण. चाचांनी ती इथेच, एमआयडीसीतल्या एका टूलरूमकडून बनवून घेतली आहेत. सी.आय.पी. या ब्रुसेल्सच्या संस्थेच्या तक्त्यातली मापं घेऊन, हार्डनिंग करून, ग्राइंडिंग करून. प्रत्येकावर माप कोरलेलं. गो आणि नो-गो यांच्या मधली आणि नो-गोच्या पुढचीही, दोन-दोन थाउच्या फरकाने वाढत जाणाऱ्या चकत्या त्यांच्याकडे आहेत. या चकत्यांमुळे नुसतं ‘पास’ किंवा ‘नापास’ न राहता नेमका आकडा मिळतो. या दुकानाची मला सर्वात मोलाची वाटलेली गोष्ट हीच.

मी माझा मायक्रोमीटर सोबत नेला होता, हजारांश मिलिमीटर दाखवणारा. गेज तपासू का, असं विचारायला जरा संकोच वाटत होता. एखाद्या कारागिराला त्याच्याच टेबलावर त्याची हत्यारं तपासू का असं विचारणं सोपं नसतं. चाचांनी डबा माझ्याकडे सरकवला आणि खुर्चीही दिली. मी गो, नो-गो आणि मधल्या काही चकत्या मोजल्या. प्रत्येक माप कोरलेल्या आकड्याच्या दोन मायक्रॉनच्या आत होतं. वाळूजमधल्या चांगल्या कारखान्यांत मी यापेक्षा वाईट गेज पाहिली आहेत.

बाहेर उन्हाळा रणरणत होता आणि दुकानात एसी नाही. गेजची मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात, म्हणून कुणी म्हणेल की मराठवाड्याच्या ४० अंशांत ही मोजणी कशी खरी मानायची. मी हिशेब केला. दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीचं पोलाद २० अंशांनी तापलं तरी ते मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागातल्या तीन-चार भागांइतकंच वाढतं. रायफलही तेवढीच तापलेली असते. काळजी करण्यासारखं त्यात काही नाही.

मोजणी अशी. चकती नळीच्या तोंडाशी बसवायची, बोल्ट पुढे सरकवायचा आणि दांडी एका बोटाने खाली आणायची. चाचा अंगठा आणि मूठ मुद्दाम वापरत नाहीत. बोल्टच्या लगला उतार असतो, दांडीला लांबी असते, त्यामुळे मुठीच्या जोरावर नापास गेजवरही बोल्ट बंद करता येतो आणि वर गेजला डाग पडतो तो वेगळाच. दांडी तर्जनीवर नुसती ठेवली की जिथे अडायची तिथे ती अडते. त्यांनी एक चकती मला करून बघायला दिली. अडण्याची ती जागा बोटाला इतकी स्वच्छ कळते की शंका राहत नाही.

आमच्या रायफलीचा आकडा निघाला गोपेक्षा ११ थाउ जास्त. नो-गोच्या पलीकडे. पुंगळ्यांवरचं ते चकचकीत कडं खरं बोलत होतं.

इथे दुसरा कुणी लगेच बोल्ट हेड बदलायला निघाला असता. चाचांनी आधी लग तपासले. लगच्या टेकणाऱ्या बाजूंवर निळी (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावली, बोल्ट बंद करून मागे दाब दिला, उघडला आणि निळी कुठे पुसली गेली ते उजेडात धरून पाहिलं. ली-एनफिल्डचे लग बोल्टच्या मागच्या बाजूला असतात, उजवीकडे लांब पट्टी आणि डावीकडे आखूड लग. दोन्ही सारखे टेकले पाहिजेत. एकच टेकत असेल तर सगळा दाब एका बाजूला जातो आणि तेव्हा बोल्ट हेड बदलून फक्त आकडा सुधारतो, रोग तसाच राहतो. आमच्याकडे निळी दोन्हीकडे पुसली गेली होती, डावीकडे किंचित कमी. “हे चालेल. एक बाजू कोरी राहिली असती तर मी हात लावला नसता, सांगून परत पाठवलं असतं,” चाचा म्हणाले.

युद्धकाळातल्या नंबर ४ रायफलीचे बोल्ट हेड ० ते ३ अशा चार क्रमांकांत मिळतात, क्रमांक वाढेल तशी लांबी वाढते. जुन्या नमुन्यात असे क्रमांक नाहीत. तिथे ढीगभर हेडमधून मोजून मोजून योग्य ते शोधायचं. चाचांकडे जुन्या मालातल्या बोल्ट हेडचा एक डबा आहे, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर लांबी लिहिलेली. आमच्या हेडपेक्षा ७ थाउ लांब असलेलं एक निघालं. ते लावल्यावर आकडा आला गोपेक्षा ४ थाउ. गो बंद, नो-गो अडलं. हेड बोल्टच्या पट्टीच्या रेषेत येऊन थांबतंय ना, पलीकडे फिरत नाही ना, तेही पाहिलं. फायरिंग पिन परत घालून ती बोल्टच्या तोंडातून किती बाहेर येते ते मोजलं, कारण हेड लांब झालं की पिन तेवढीच आत जाते आणि मग काडतूस कधीकधी पेटत नाही. ही शेवटची मोजणी बहुतेक दुरुस्तीवाल्यांच्या लक्षातच येत नाही.

शेवटी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर चाचांनी सगळं लिहून दिलं. रायफलीचा नंबर, बोल्टचा नंबर, सफाईआधीचं माप, सफाईनंतरचं, हेड बदलल्यावरचं, तारीख आणि सही. तपासणीचे दीड हजार आणि बोल्ट हेडचे वेगळे घेतले, पावती दिली. एवढ्या कामाला ही रक्कम मला अजिबात जास्त वाटली नाही. नंतर परवानगी असलेल्या रेंजवर रायफल चालवून पाहिली. नव्या पुंगळ्यांवर ते कडं दिसतच नाही. तार आत घालून फिरवली तर कुठेही अडखळत नाही.

आता उणिवा, कारण त्या आहेत. गेज उत्तम आहेत, पण त्यांच्या कॅलिब्रेशनची तारीख कुठेही लिहिलेली नाही. गेज झिजतं, आणि झिजलेलं नो-गो गेज चांगल्या रायफलीलाही नापास करू शकतं. चिकलठाण्याला इंडो जर्मन टूल रूम आहे, शहरात मोजमापाच्या प्रयोगशाळा आहेत. वर्षातून एकदा गेज तिथून तपासून प्रमाणपत्र भिंतीवर लावावं असं मी चाचांना सुचवलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. दुसरं, काम करणारा माणूस एकटाच. मला रायफल ठेवून यावं लागलं आणि बोलावण्याची बरीच वाट पाहावी लागली. पुतण्या शिकतो आहे, पण निळी बघून निर्णय अजून चाचाच देतात. तिसरं, गेजचा साठा. ३१५ आणि ३०-०६ साठी पूर्ण संच आहे. ज्यांच्याकडे जुनी २७५ रिग्बी, म्हणजेच ७ मिमी माउझर आहे, त्यांच्यासाठी खांद्यावरून मोजणारं गेज इथे नाही. माझ्यासमोरच जालन्याच्या एका गृहस्थांना चाचांनी तसं स्पष्ट सांगून परत पाठवलं, अंदाजाने काही करून दिलं नाही. त्या गृहस्थांचा हेलपाटा झाला, म्हणून जाण्याआधी फोनवर बोअर सांगून विचारा.

जायचं असेल तर मूळ परवाना सोबत ठेवा, झेरॉक्सवर ते हत्यार हातात घेत नाहीत. रायफल रिकामी आणि कव्हरमध्ये न्या. बोल्ट सुटा नेऊन ‘एवढाच तपासा’ म्हणू नका, नळी आणि बोल्ट एकत्र असल्याशिवाय मोजणी होतच नाही. जुन्या रिकाम्या पुंगळ्या असतील तर त्या जरूर न्या, न पुसता, जशा आहेत तशा. निवडणूक जाहीर व्हायच्या आत काम उरकून घ्या, कारण शस्त्र जमा करण्याचा आदेश आला की दुकानातली रायफल आधी परत आणून मग ठाण्यात द्यावी लागते. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं.